अख्खी वेलची: आयातीचा भाव, लिलावाचा भाव आणि नाशिकात दारात पडणारा भाव

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं मसाल्याचं दुकान आहे. मागच्या बाजूला चहा मसाला, दूध मसाला आणि काळा मसाला होतो. दसरा-दिवाळीच्या खरेदीचे दिवस आले की वेलचीचा विषय निघतोच, पण यंदा एक गोष्ट उघडपणे मांडावीशी वाटली म्हणून हा धागा काढतोय.

रविवार कारंजापासून दहीपुलापर्यंत सध्या "ग्वाटेमाला" (मध्य अमेरिकेतला देश) म्हणून अख्खी हिरवी वेलची फिरते आहे. माणूस पुडीत नमुना घेऊन दुकानात येतो आणि बोडीच्या (तामिळनाडूतलं बोडिनायकनूर, वेलचीच्या लिलावाचं ठिकाण) मालापेक्षा किलोला सातशे-आठशे रुपये कमी सांगतो. पक्कं बिल मागितलं की म्हणतो, "शेठ, बिलात घ्यायची तर भाव वेगळा." छोटे मसालेवाले, बचत गटाच्या ताई, मिठाईवाले या भावाकडे ओढले जातायत. त्यांच्यासाठी हिशोब मांडतो. आकडे सोपे जावेत म्हणून गृहीत धरलेत, आजचा बाजारभाव म्हणून घेऊ नका.

समजा, ग्वाटेमालाची वेलची भाडं-विमा धरून न्हावाशेवा बंदरात १५ डॉलर किलोने पोचली. डॉलर ८५ रुपये धरला तर झाले १,२७५ रुपये. वेलचीवर मूळ आयात शुल्क ७० टक्के, म्हणजे ८९२ रुपये ५० पैसे. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ८९ रुपये २५ पैसे. इथवर बेरीज २,२५६ रुपये ७५ पैसे. त्यावर ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), आणखी ११३ रुपये. म्हणजे बंदराच्या फाटकातून बाहेर पडतानाच माल २,३७० च्या घरात गेला. पुढे क्लिअरिंगचा खर्च, वाशीचं गोदाम, नाशिकपर्यंतची बिल्टी (ट्रकभाडं), घट, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि आयातदाराचा नफा.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे बंदरातल्या रुपयातल्या भावाला १.७७ ने गुणा. जीएसटीची वजावट मिळत नसेल, म्हणजे कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठरावीक दराची जीएसटी योजना) असाल, तर १.८६ ने.

आता हाच हिशोब उलटा करा. कुणी १,६०० रुपयांना देतोय, तर १.७७ ने भागल्यावर ९०४ रुपये येतात, म्हणजे साडेदहा डॉलरच्या आसपास. आणि यात त्याचा एक पैशाचाही नफा धरलेला नाही. त्या दिवशी ग्वाटेमालाचे निर्यातदार काय भाव सांगतायत ते एखाद्या आयातदाराला फोन करून विचारा आणि ताडून बघा. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर शुल्क कुणीतरी बुडवलंय, किंवा पुडीत दिसतंय ते पोत्यात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: डॉलरचा भाव ऐकून वेलची स्वस्त समजू नका, दारात पडणारा भाव बघा. जाणकारांनी भर घालावी.

न्हावाशेवाचा_दिनू

गोदाकाठभाऊ, हिशोब बरोबर आहे. मी कस्टम्सच्या कामात आहे, सटाण्याचा. थोडी भर घालतो.

कस्टम्सच्या यादीत अख्ख्या वेलचीचा कोड ०९०८३१, कुटलेली किंवा पूड असेल तर ०९०८३२. अख्ख्या वेलचीत पुढे मोठी वेलची, छोटी अलेप्पी ग्रीन, छोटी कूर्ग ग्रीन, ब्लीच केलेली असे वेगळे कोड आहेत. आयातीची आकडेवारी वाचताना ०९०८३१ चा एकूण आकडा बघून बरेच जण फसतात, कारण त्यात नेपाळची मोठी वेलची आणि ग्वाटेमालाची छोटी वेलची दोन्ही येतात. दोघींचा भाव, वापर, वाट सगळं वेगळं. त्या दोन्हींची सरासरी काढून आयातभाव उतरला की चढला हे कधीच कळणार नाही. आठ आकडी कोडपर्यंत उतरूनच बघायचं.

शुल्क लागतं ते भाडं-विमा धरलेल्या किमतीवर. विनिमय दर कस्टम्सने जाहीर केलेला धरतात, बँकेचा नाही, म्हणून त्या दिवशीच्या बाजारातल्या डॉलरपेक्षा थोडा फरक पडतो. घोषित किंमत पटली नाही तर अधिकारी ती २००७ च्या मूल्यांकन नियमांखाली नाकारू शकतात. त्यामुळे "बिल कमी दाखवून आणतो" म्हणणाऱ्याचा माल कधीही अडकू शकतो, आणि माल अडकला की आगाऊ दिलेले पैसेही अडकले.

कागदपत्रं म्हणजे निर्यातदार देशाचं फायटोसॅनिटरी (मालात रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र, आपल्या प्लांट क्वारंटाइनची परवानगी आणि तपासणी, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मंजुरी. विक्रेत्याकडे अस्सल आयात माल असेल तर त्याला बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या वेळी कस्टम्सला दिलेल्या कागदाची) प्रत दाखवायला दोन मिनिटं लागत नाहीत. टाळाटाळ झाली की समजून जा.

दोन पळवाटांबद्दल नेहमी विचारणा होते. पहिली, "दुबईहून आणलाय, यूएईशी झालेल्या करारात शुल्क कमी." दुबईच्या गोदामात ठेवल्याने ग्वाटेमालाचा माल यूएईचा होत नाही. माल कुठे पिकला यावर सवलत ठरते, आणि सप्टेंबर २०२० पासून आयातदाराला उगमाची माहिती स्वतःकडे ठेवावी लागते, नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. दुसरी, अॅडव्हान्स ऑथरायझेशन. शुल्क न भरता मसाले आणता येतात, पण दळणं, कुटणं, निर्जंतुकीकरण, तेल किंवा ओलिओरेझिन (घट्ट अर्क) काढणं यासाठीच, आणि तो माल परत निर्यात करावा लागतो. नुसतं निवडून, चाळून, पिशव्या भरण्यासाठी ही सवलत नाही. असा माल रविवार कारंजावर विकायला येत असेल तर तो येताच कामा नये होता.

रेवती_मखमलाबाद

आमच्या गटाच्या दृष्टीने फार उपयोगी धागा. आम्ही काळा मसाला आणि गोडा मसाला करतो. आम्हाला हिरवी वेलची थोडीच लागते, मसाला वेलची (मोठी वेलची) जास्त. दिनूभाऊ, तुम्ही नेपाळचं नाव घेतलंत. ती मग शुल्काशिवाय येते का? तिच्यावरही हाच १.७७ चा हिशोब लावायचा का?

गोदाकाठ

नाही ताई, तिची गोष्टच वेगळी. मसाला वेलची पूर्व हिमालयातली: सिक्कीम, दार्जिलिंग, भूतान आणि नेपाळचे ताप्लेजुंग, पांचथर, इलाम हे पूर्वेकडचे जिल्हे. भारत-नेपाळ व्यापार करारामुळे नेपाळात पिकलेली मसाला वेलची शुल्काशिवाय येते. बिर्तामोडच्या बाजारातून काकरभिट्टामार्गे सिलिगुडीला, आणि तिथून देशभर. नेपाळात भाव ४० किलोच्या मणाने बोलतात, म्हणून तिकडचा आकडा ऐकला तर आधी ४० ने भागा.

तिचा भाव बघायचा तो सिलिगुडीचा. नेपाळची बहुतेक वेलची भारतातच येते, त्यामुळे आपली मागणी मंदावली की तिकडच्या शेतकऱ्याला थेट फटका बसतो. घेताना धुराचा वास बघा. ती लाकडाच्या भट्टीवर वाळवतात, हलका धूर तिचा स्वभावच आहे, पण बोंडं काळीठिक्कर आणि राखेच्या वासाची असतील तर जास्त आच लागलीय. फोडल्यावर आतला दाणा चिकट, ओलसर गोड लागायला हवा. शेपटी कापलेला माल थोडा महाग मिळतो, पण दळताना कचरा निघत नाही. तुमच्या गटाला तोच परवडेल.

आणि एक, नेपाळातून शुल्काशिवाय यायला हवी ती मोठी वेलची. छोटी हिरवी वेलची नेपाळमार्गे येत असेल तर ती बहुधा ग्वाटेमालाचीच असते आणि सरहद्द ओलांडताना शुल्क चुकवलेलं असतं. केरळचे बागायतदार याबद्दल कित्येक वर्षं ओरडतायत.

अर्थशोध

सगळं मान्य, पण मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये. ७० टक्के शुल्क मुळात इतकं जास्त आहे की चोरटी आयात होणारच. फायदा एवढा असेल तर कुणीतरी सरहद्दीवर प्रयत्न करणार. ग्राहकाला महाग वेलची, छोट्या उद्योजकाला महाग कच्चा माल, सरकारला महसूल नाही. शुल्क ३० टक्क्यांवर आणा, चोरीतला नफाच जाईल, सगळा माल बिलात येईल. वेलची काही गहू-तांदूळ नाही की परकीय माल आला म्हणून अन्नसुरक्षा धोक्यात येईल.

निफाडकर

अर्थशोधसाहेब, मी कांदा आणि द्राक्षवाला. वेलची आमच्याकडे खिरीपुरती. पण शुल्क कमी करा हे वाक्य वाचलं की पोटात गोळा येतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. लासलगावला लिलाव बंद पडले, रस्त्यावर बसावं लागलं. कारण काय, तर ग्राहकाला स्वस्त मिळावा. भाव पडताना ग्राहकाची आठवण सगळ्यांना येते, पण उत्पादन खर्च निघाला का हे विचारायला कुणी येत नाही. इडुक्कीच्या (केरळातला वेलचीचा जिल्हा) माणसाला निदान आयातीच्या भिंतीचा आधार आहे. ती काढली तर ज्या वर्षी त्याचं पीक जोरात येईल त्याच वर्षी बाहेरचाही माल येऊन पडेल, आणि पुढच्या वर्षी बाग उपटलेली असेल. वेलचीचं झाड लावल्यावर तिसऱ्या वर्षी पीक देतं म्हणतात. एकदा उपटलं की भाव वर गेला तरी लगेच उभं राहत नाही. द्राक्षाचंही तेच.

शुल्क असावं. पण ते सगळ्यांकडून वसूल व्हावं. चोरून आणणाऱ्याला माफ आणि बिलात आणणाऱ्याला ७७ टक्के, हे चालणार नाही.

इडुक्कीत_सात_वर्षं

निफाडकरदादांनी मनातलं लिहिलं. मी नोकरीनिमित्त कुमिळी आणि नेडुंकंडम भागात होतो, आता नाशिकरोडला. वेलचीचा भाव कसा ठरतो हे तिथे जवळून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

भाव ठरतो स्पायसेस बोर्डाच्या ई-लिलावात. केरळात पुट्टडी, तामिळनाडूत बोडिनायकनूर. २००७ पासून संगणकावर बोली लागते. शेतकरी आपला वाळवलेला माल लिलाव कंपनीकडे देतो, लॉटला नंबर पडतो, व्यापाऱ्यांसमोर छोट्या ताटलीत नमुना येतो. व्यापारी बोंडं तळहातावर घोळवतो, एखादं फोडतो, वास घेतो, आणि पुढच्या क्षणी बटण दाबतो. एका लॉटला मिनिटभरही मिळत नाही. लासलगावच्या ट्रॉलीभोवतीचा गलका आठवला की तिथली शांतता विचित्र वाटते.

रोजचे आकडे बोर्डाच्या संकेतस्थळावर येतात: किती लॉट, आवक किती, विक्री किती, कमाल भाव, सरासरी भाव. वर्तमानपत्रात येतो कमाल भाव. ३ ऑगस्ट २०१९ ला एका लॉटला किलोला ७,००० रुपये मिळाले आणि देशभर बातमी झाली. तो विक्रम एका उत्तम लॉटचा होता. त्या दिवसाची सरासरी बरीच खाली होती. कुणीही "बोडीत अमुक भाव झाला" म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, कमाल की सरासरी?

तो ७,००० चा भाव आला कुठून? ऑगस्ट २०१८ चा पूर आणि भूस्खलन. वेलची उताराच्या जमिनीवर, मोठ्या झाडांच्या सावलीत असते. दरडींबरोबर बागाच्या बागा वाहून गेल्या, उभ्या राहिल्या त्यांची मुळं सडली. पुढच्या उन्हाळ्यात पाऊस नाही. माल नव्हताच. भाव चढला तसा सगळ्यांनी लागवड केली, जुन्या बागा नव्या केल्या. पीक वाढलं आणि २०२२ पर्यंत सरासरी हजाराच्याही खाली आली. त्या भावात मजुरी आणि खत-औषधाचा खर्च निघत नव्हता, कित्येकांनी खतं देणंच बंद केलं. मग २०२४ च्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली, सिंचन नसलेल्या बागा करपल्या, आणि भाव पुन्हा वर. ७,००० च्या विक्रमापासून नऊशेच्या सरासरीपर्यंत आणि परत तीन हजाराच्या आसपास, हे सगळं सहा वर्षांच्या आत झालं. अर्थशोधसाहेब, यात शेतकऱ्याच्या हाती चढा भाव असताना माल नव्हता आणि माल असताना भाव नव्हता. शुल्क हा त्याचा एकमेव टेकू आहे.

तिथल्या शेतकऱ्याची स्वतःच्याच बाजाराबद्दलही तक्रार आहे. व्यापाऱ्याने घेतलेला माल चाळून, मिसळून परत लिलावात आणायचा. त्याला रीपूलिंग म्हणतात. आवक फुगलेली दिसते आणि भाव दबतो. म्हणून रोजच्या आवकेचा आकडा म्हणजे शेतातून आलेला ताजा माल असं समजू नका.

आणि तोडणी. जून-जुलैपासून सुरू होते, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फेऱ्या चालतात, दर महिना-सव्वा महिन्याने एक फेरी. पिकलेलं बोंड फुटण्याआधी तोडावं लागतं, तेही हाताने, झाडाच्या बुडाशी वाकून. पाच किलो ओल्या बोंडांतून जेमतेम एक किलो वेलची मिळते. भट्टीत पन्नास अंशांच्या आसपास रात्रभर वाळवतात. आच चढली की हिरवा रंग जातो आणि भाव पडतो. त्या बायकांचे हात बघितलेत मी, सालीच्या रसाने काळे झालेले. वेलची महाग आहे असं मला आता म्हणवत नाही.

त्र्यंबककर

एक भाबडा प्रश्न. त्र्यंबक-इगतपुरीला पाऊस भरपूर. वेलची लावली तर?

इडुक्कीत_सात_वर्षं

पाऊस भरपूर आहे, पण चार महिने. वेलचीला वर्षभर ओलावा, दाट सावली आणि दमट हवा लागते. डिसेंबरपासून मेपर्यंत आपल्याकडची कोरडी हवा झाड मारून टाकेल. परसात हौसेला लावा, व्यापारी लागवड नको.

जेद्दाहून_मनोज

मी सिन्नरचा, सध्या जेद्दामध्ये खाद्यपदार्थांच्या घाऊक व्यापारात. इकडची बाजू लिहितो, कारण वेलचीचा जगाचा भाव अरबांच्या कॉफीच्या दल्ल्यात (किटलीत) ठरतो म्हटलं तरी चालेल.

इकडची कॉफी, गहवा, तिच्यात वेलची ओंजळीने पडते. घरात पाहुणा आला की गहवा आणि खजूर. सौदीत आणि आखातात अख्ख्या वेलचीची सर्वात मोठी खरेदी रमजानच्या आधी होते, दोन महिने आधीपासून माल बंदरात उतरायला लागतो. आता गंमत बघा: रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१८ मध्ये तो मे महिन्याच्या मध्यावर होता, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यावर. म्हणजे आखाती खरेदीची गर्दी आता डिसेंबर-जानेवारीत येते, जेव्हा ग्वाटेमालाची तोडणी जोरात असते आणि इडुक्कीच्या शेवटच्या फेऱ्या चालू असतात. पूर्वी दिवाळी झाली की भाव थोडा थांबायचा, तुम्ही मंडळी जानेवारीत आरामात भरून ठेवायचात. आता त्याच वेळी आखाती खरेदीदार समोर उभा असतो. जुनं गणित धरून थांबणाऱ्याला फटका बसतो.

ग्वाटेमालाबद्दल. १९१४ च्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने आल्ता वेरापास प्रांतात वेलची नेली. १९८० च्या आसपास त्यांनी भारताला मागे टाकलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं जगात सर्वात जास्त वेलची तिथेच होत आली. तिथले लोक ती खात नाहीत, जवळजवळ सगळी निर्यात होते. आपल्याकडे उलटं, आपली बहुतेक वेलची आपणच खातो. चहा, मिठाई, मसाले, शिवाय पान मसाल्याचे कारखाने. म्हणून ग्वाटेमालाचं पीक बिघडलं की जगाचा भाव हलतो. नोव्हेंबर २०२० मध्ये एटा आणि आयोटा या दोन चक्रीवादळांनी पंधरवड्यात तिथे हाहाकार केला. अलीकडे २०२४-२५ च्या हंगामात दुष्काळ आणि फुलकिड्यांनी पीक मोठं घटलं. आपल्या द्राक्षवाल्यांना फुलकिडे काय करतात ते सांगायला नको. माल कमी झाल्यावर ग्वाटेमालाचा भाव इतका चढला की भारतीय मालाशी असलेला नेहमीचा फरक आटला आणि इकडचे खरेदीदार पुन्हा बोडीकडे वळले.

म्हणून गोदाकाठभाऊ, तुमची शंका रास्त आहे. ग्वाटेमालाचा माल तिथेच महाग असताना तो ७७ टक्के भरून नाशिकात बोडीपेक्षा स्वस्त कसा मिळेल?

अजून एक. भारतीय वेलचीला रंग, आकार आणि वासामुळे इकडे जास्त भाव मिळतो. पण २०१८ मध्ये कीटकनाशकाच्या अंशांवरून सौदीने भारतीय वेलची अडवली तेव्हा तो फायदा एका झटक्यात गेला. ग्राहक ग्वाटेमालाकडे गेला की परत यायला वेळ लागतो.

निफाडकर

हे आम्हाला २०१० ला कळलंय. क्लोरमेक्वाट (वेलीची वाढ रोखणारं रसायन) याच्या अंशांवरून युरोपात नाशिकची द्राक्षं अडकली होती, कंटेनरच्या कंटेनर. ज्यांनी ते वापरलंही नव्हतं तेही भरडले गेले. बागेची नोंदणी, तोडणीआधी प्रयोगशाळेचा अहवाल, अहवालाशिवाय पॅकहाऊसमध्ये माल नाही, ही शिस्त त्यानंतर आणखी कडक झाली. वेलचीत निर्यातीपुरती ही शिस्त असेल, पण आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या वेलचीचं काय? जानेवारी २०२३ मध्ये शबरीमलाच्या प्रसादातल्या वेलचीवरून केरळ उच्च न्यायालयाने अरवणा पायसमची विक्री थांबवली होती. आपल्या खिरीतल्या वेलचीची तपासणी कोण करतं?

सातपूर_मिठाई

गोदाकाठकाका, भावाचं समजलं. आता मालाचं सांगा. मला आठ एमएम (बोंडाची जाडी) म्हणून विकलेला माल दरवेळी वेगळा दिसतो. दुकानात उभं राहून काय तपासायचं?

गोदाकाठ

सांगतो, आणि निफाडकरांच्या प्रश्नालाही यातच हात घालतो.

पहिलं लिटरवजन. एक लिटरचं माप घ्या, वेलची न दाबता ओता, वर पट्टी फिरवा, वजन करा. अॅगमार्कप्रमाणे (सरकारी प्रतवारी) एक्स्ट्रा बोल्ड म्हणजे ७ मिमीच्या वरचा माल, लिटरला ४३५ ग्रॅम. बोल्ड ६ मिमी, ४१५ ग्रॅम. त्याखालचा ५ मिमी, ३८५ ग्रॅम. बोंड मोठं असून लिटर हलकं बसलं तर आत दाणा भरलेला नाही, तुम्ही सालीचे पैसे देताय. माझ्या काउंटरवर स्टीलचं माप कायम ठेवलेलं असतं. पुडीतला नमुना लिटरभर नसतोच, म्हणून नमुन्यावर सौदा करू नका, पोतं उघडून मधल्या थरातून माप भरा.

दुसरं फोडून बघणं. दाणे काळेभोर आणि एकमेकांना चिकटलेले हवेत. फिकट तपकिरी, सुटे, कोरडे दाणे म्हणजे जुना किंवा कोवळा तोडलेला माल. दाणा चावला की जिभेवर गारवा यायला हवा.

तिसरं रंग. पांढरं सुती फडकं ओलं करून मूठभर वेलची त्यात चोळा. हिरवा-पिवळा डाग उतरला तर वरून रंग लावलाय. वेलचीला बाहेरून रंग लावायला परवानगीच नाही. वाळवण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात बुडवून हिरवेपणा टिकवतात, ती जुनी पद्धत आहे, तिचा डाग फडक्यावर पडत नाही.

चौथं ओलावा. एफएसएसएआयची मर्यादा १३ टक्के. ओली वेलची हाताला मऊ लागते, हलवल्यावर खुळखुळत नाही. प्रत्येक टक्का पाण्याचे तुम्ही वेलचीच्या भावाने पैसे देता, वर बुरशी ती वेगळीच.

औषधांचे अंश मात्र डोळ्यांनी किंवा वासाने कळत नाहीत. द्राक्षामुळे आपल्या भागाला प्रयोगशाळांची सवय आहे, ती वापरायला हवी. एका छोट्या दुकानदाराला एका नमुन्याचा खर्च जड जातो, दहा जणांनी एकाच लॉटची खरेदी करून वाटून घेतला तर जात नाही.

आणि मिठाईसाठी तुम्हाला आठ एमएम कशाला हवी? दाणा काढून कुटायचाच असेल तर सहा-सात एमएमचा भरीव माल घ्या. फुटलेली बोंडं आणखी स्वस्त मिळतात, पण त्यांचा वास लवकर उडतो, महिन्याच्या खरेदीपुरतीच घ्या. मोठ्या हिरव्या बोंडाचा भाव त्याच्या देखणेपणाचा असतो, तो सुका मेव्याच्या डब्यात किंवा अरबांच्या बाजारात वसूल होतो.

अर्थशोध

वाचून माझं मत थोडं सरकलं. शुल्क एकदम ३० वर आणण्याचा आग्रह सोडतो. पण एक कलम तरी मान्य करा: ज्या वर्षी इडुक्कीचं पीक खरंच बुडतं, २०१९ सारखं, त्या वर्षी ठरावीक कोट्यापुरती कमी शुल्काने आयात होऊ द्यावी. नाहीतर ती मागणी चोरवाटेनेच भागते, आणि शेतकऱ्यालाही त्याचा उपयोग नाही कारण त्याच्याकडे विकायला मालच नसतो.

निफाडकर

कोटा कोण ठरवणार आणि केव्हा उघडणार यावर सगळं आहे साहेब. आयातीचा निर्णय व्हायला वेळ लागतो, जहाज यायला वेळ लागतो, आणि माल उतरतो तो नेमका नवीन पीक बाजारात येताना. तोडणी सुरू व्हायच्या आत कोटा बंद होईल असं कायद्यात लिहून देणार असाल तर बोलू.

न्हावाशेवाचा_दिनू

निफाडकरांचा मुद्दा नोंदवून ठेवण्यासारखा आहे. ग्वाटेमालाहून माल निघून इथे सुटेपर्यंत दोन महिने सहज जातात, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालायला लागल्या तेव्हा आणखी वेळ लागला. भाड्याचा वेलचीला फार फरक पडत नाही, माल महाग आणि हलका आहे. फरक पडतो दिवसांचा.

रेवती_मखमलाबाद

गोदाकाठभाऊ, एकत्र खरेदीचं मनावर घ्या. आमचे तीन गट तयार आहेत. हिरवी आणि मसाला वेलची दोन्ही.

गोदाकाठ

घेतलं ताई. तर असं करू. हिरवी वेलची बोडीच्या लिलावातल्या व्यापाऱ्याकडून, सहा-सात एमएम, पक्क्या बिलात. ग्वाटेमालाचा माल कुणाला हवाच असेल तर बिल ऑफ एंट्रीची प्रत आल्याशिवाय सौदा नाही. मसाला वेलची सिलिगुडीहून, शेपटी कापलेली. भाव ठरवताना त्या आठवड्यातल्या लिलावांची सरासरी धरायची, त्यावर चाळणी, बिल्टी आणि व्यापाऱ्याचा रास्त नफा, जीएसटी वेगळा. कमाल भाव दाखवून कुणी बोलला तर तिथेच थांबायचं.

माल आला की पोती सर्वांसमोर उघडू. लिटरला ४१५ च्या खाली बसली किंवा फडक्यावर रंग उतरला तर परत, ही अट ऑर्डरमध्येच लिहू. एक नमुना प्रयोगशाळेत जाईल, खर्च किलोच्या प्रमाणात वाटून. अहवाल येईपर्यंत कुणी माल दळायचा नाही.

सातपूर_मिठाई, तुमचा आकडा कळवा. निफाडकरदादा, तुमच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत मसाल्यांच्या तपासणीचे दर काय आहेत तेवढं विचारून ठेवा. ज्यांना यायचंय त्यांनी किती किलो आणि कंपोझिशनमध्ये आहात की नाही, हे दोन्ही इथेच लिहा. घटस्थापनेच्या आधी माल दारात हवा असेल तर या आठवड्यात यादी बंद करावी लागेल.

सातपूर_मिठाई

हिरवी १५ किलो, सहा-सात एमएम. रेग्युलर जीएसटी आहे.

निफाडकर

दर उद्या विचारतो. आणि घरच्यासाठी अर्धा किलो माझंही लिहा.